बिनधुराचं घर

चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, नाल्याच्या काठानं आमची आळी होती. आळीत विहीर एकच, आणि ती जयसिंग ओव्हाळांच्या जागेत. एकाहत्तर साली मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सुमन, पाणी आपलं आपण शेंदायचं. त्यांच्या हातचं घ्यायचं नाही." विहीर त्यांची चालत होती, हात चालत नव्हता. दुसरीकडे पाणीच नव्हतं, त्यामुळे सगळ्या आळीनं हा हिशेब मुकाट्यानं बसवून घेतला होता.

जयसिंगरावांच्या बायकोला, कस्तुराबाईला, हे कळत होतं. पण तिला त्याचा राग नव्हता, उलट गंमत वाटायची. विहिरीच्या काठावर धुणं आपटता आपटता ती मला म्हणाली होती, "माज्या आईला गावच्या हिरीची पायरी चढू देत नव्हते. वंजळ धरून खाली उभी ऱ्हायची, कुणी वतलं तर वतलं. आन् आता बग, आख्खी आळी माज्या हिरीवर येती. भरा म्हणावं, खुशाल भरा."

ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, पण आमचं लवकरच अगंतुगं झालं. सासूबाई झोपल्या की मी तिच्याकडे जाऊन बसायची. तिच्या हातचा चहाही प्यायची.

कस्तुरा मावळातल्या एका खेड्यातली. तिची आई भिमाबाई पाटलाच्या वाड्यावर शेणगोठा करायची; बदल्यात शिळी भाकरी आणि सणाला जुनं लुगडं. सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला तेव्हा भिमाबाईनं पाटलाकडे जाणं सोडलं. घरात खायला नव्हतं तरी सोडलं. लेकीला तिनं सांगितलं होतं, "माजा जल्म शेणात गेला. तू कुनाच्या शेणात हात घालायचा न्हाई." बासष्ट साली कस्तुराचं लग्न झालं आणि दोन वर्षांनी जयसिंगला पिंपरीकडच्या एका कंपनीत काम लागलं. लोखंडी दांडे, दिव्यांच्या कड्या यांना चकचकीत मुलामा द्यायचा प्लेटिंगचा विभाग होता, तिथं. नाल्याकाठची खडकाळ जागा कुणाला नको होती, ती त्यानं घेतली. विहीर त्यानं आणि त्याच्या भावानं सुट्टीच्या दिवशी पहारी मारून मारून खणली. पाणी लागलं त्या दिवशी कस्तुरानं आईला गावाहून बोलावून घेतलं आणि पहिला हंडा तिच्या हातानं भरवला.

एकच मूल, शशिकला. ती लहानपणापासून दम्यानं हैराण. आमच्या सगळ्यांच्या घरात तेव्हा लाकडाच्या भुशाची शेगडी. कारखान्यांच्या खोक्यांचा भुसा स्वस्त मिळायचा. डब्यात ठासून भरायचा आणि पेटवायचा. जळायचा कमी, धुमसायचा जास्त. शशीची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. डॉक्टरांनी सांगितलं, "औषध मी देतो, पण घरातला धूर घालवा." धूर घालवायचा कसा? रॉकेलच्या रांगेत सकाळ जायची आणि डबा रिकामाच परत यायचा.

चौऱ्याहत्तरच्या सुमाराला जयसिंगरावांनी शेतकी प्रदर्शनात गोबर गॅस पाहिला. घरी आले ते बोलतच. अंगणात खड्डा, त्यात शेण आणि पाणी, वर उपडी लोखंडी टाकी; टाकीत गॅस साठतो, नळीनं थेट स्वयंपाकघरात येतो. सरकार मदत करतं. उरलेल्या शेणाच्या रबडीचं खत होतं. धूर नाही, राख नाही, सरपण नाही.

"दोन म्हशी घेऊ," ते म्हणाले. "कमी पडेल ते शेण गावठाणातून आणू."

"आन् कालवायचं कुनी?" कस्तुरानं विचारलं.

"असं काय करतेस? आपल्याच घरचं काम ना. पाटलाचं का आहे?"

"शेण ते शेण. आईला मी सबूद दिलाय."

पण त्या आठवड्यात शशीला असा दम लागला की तिचे ओठ निळे पडले. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परत येताना वाटेत कस्तुराच म्हणाली, "आना म्हशी."

गॅस आला. पहिल्यांदा शेगडी पेटवली तेव्हा मी तिथंच होते. खोलीत दुसरा उजेड नव्हता आणि ती निळी ज्योत अशी शांत जळत होती की आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. शशी जवळ येऊन बसली आणि खोकली नाही. कस्तुरानं डोळे पुसले. धुराशिवायही तिला ती सवय राहिली होती.

मग जयसिंगरावांना घराचं वेडच लागलं. न्हाणीचं पाणी चर काढून केळींना सोडलं. रबडीवर वांगी, दोडका, शेवगा. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळ लावून विहिरीकडे वळवलं. घरातलं काही बाहेर टाकायचं नाही, बाहेरचं जळण घरात आणायचं नाही. कुणी पाहुणा आला की ते म्हणायचे, "हे बिनधुराचं घर." ब्लॉक ऑफिसचे साहेब बघायला आले, एका कॉलेजची मुलं आली, महिला मंडळ आलं. जयसिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून खड्ड्याशी उभे राहून समजावून सांगायचे. किती शेण, किती पाणी, टाकी किती वर येते.

शेण मात्र कस्तुरा कालवायची. रोज पहाटे, कोपरापर्यंत हात घालून. गुठळ्या फोडायच्या, काडी-कचरा वेचायचा, पाणी ओतायचं, पुन्हा कालवायचं. थंडीत बोटं वळायची नाहीत. गावठाणातून शेणाची पाटी डोक्यावर आणताना ती दिसली की लोक रस्ता बदलायचे. एकदा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्यानं तिला शेगडीपुढं बसवलं आणि म्हणाला, "बाई, हात जरा पदराखाली घ्या." फोटो छापून आला. हसतमुख गृहिणी आणि निळी ज्योत. गावाहून भिमाबाई आल्या तेव्हा जावयानं कौतुकानं तो दाखवला. भिमाबाईंनी फोटो बघितला नाही. लेकीचा हात ओढून घेऊन नाकाशी नेला, आणि सोडून दिला. त्या मुक्कामाला न थांबता गेल्या.

"आईला वाटलं मी सबूद मोडला," कस्तुरा मला म्हणाली. "मोडलाच. पर शशी बग, कशी पळती." खरंच, शशी तेव्हा शाळेत खो-खो खेळत होती.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात जयसिंगराव कंपनीतून येताना सायकलला पाण्याचा कॅन अडकवून आणू लागले. "कँटीनच्या नळाचं पाणी आहे, चांगलं आहे," म्हणाले. "शशीला हेच पाजत जा. तूही हेच पी." कस्तुराला वाटलं, दम्याच्या पोरीची काळजी. तिनं मलाही सांगितलं, "जीव हाय त्यांचा लेकीवर."

मग गॅस उतरायला लागला. ज्योत आखूड झाली, टाकी खड्ड्यात बसायला लागली. जयसिंगराव चिडायचे. "नीट कालवत नाहीस तू. घाई करतेस." ती आणखी कालवायची. पाटीभर शेण जास्त आणायची. टाकी बसतच गेली. गाभण म्हैस गाभडली. मग आमच्या पोरांच्या अंगाला खाज सुटली, खरूज म्हणून आम्ही गंधक लावत बसलो. आणि पावसाळा सरल्यावर एके सकाळी मी विहिरीतून बादली वर ओढली तर पाण्याला पिवळट झाक. गढूळ नाही. स्वच्छ, आरपार दिसणारं, पण लिंबाच्या सरबतासारखं.

त्या दिवशी कस्तुरानं शशीचा पांढरा झगा त्या पाण्यात बुचकळला. वाळल्यावर पिवळा. तो झगा तिनं उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मग तिनं दोरीवरची नवऱ्याची खाकी विजार काढली. विजारीच्या पायांच्या कडेला तसेच पिवळे डाग होते. असल्या विजारी ती तेरा वर्षं धूत होती. आता तेच डाग विहिरीच्या पाण्यातून शशीच्या झग्यावर आले होते.

ती मला म्हणाली, "चल गं जरा." आम्ही नाल्याच्या कडेनं वर गेलो. कंपनीच्या भिंतीखालून एक सिमेंटचा पाइप बाहेर आला होता. त्यातून पिवळं पाणी पडत होतं आणि आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, खडकाच्या भेगांत जिरत होतं. तिथलं गवत करपून गेलं होतं.

संध्याकाळी जयसिंगराव घरी आले तेव्हा मी तिथंच होते. कस्तुरानं मला जाऊ दिलं नाही.

"त्यो पायप कवापास्नं हाय?" तिनं विचारलं.

त्यांनी कॅन खाली ठेवला. "कुठला?"

"तुमाला म्हाईत हाय कुठला."

"उन्हाळ्यात टाकला. आतली सांडपाण्याची टाकी फुटली होती. तात्पुरता आहे."

"त्याची चावी कोन सोडतं?"

ते कॅनचं झाकण घट्ट करायला लागले.

"तुमी सोडता."

"मी नाही सोडली तर दुसरा सोडेल, कस्तुरा. साहेब सांगतो, सोडावी लागते. नोकरी आहे ती."

"उन्हाळ्यातच कॅन आनाया लागला," ती हळू बोलत होती, जणू स्वतःशीच जुळवत होती. "म्हंजे तुमाला ठावं व्हतं. लेकीला नळाचं पाजलं, मला बी पाजलं. आन् आख्खी आळी पीत व्हती त्ये? सुमनची पोरं पीत व्हती त्ये? त्या पान्यानंच ग्यास बसला, आन् वर मलाच म्हनलात, नीट कालवत न्हाईस म्हणून."

ते माझ्याकडे न बघता उठले आणि हातपाय धुवायला मागं गेले. मीही उठले. माझ्या धाकट्याच्या पाठीवर तेव्हा फोडच फोड होते.

आळीनं अर्ज केला. कंपनीच्या ऑफिसातले एक साहेब जीपमधून आले, बरोबर नगरपालिकेचा एक माणूस. शाळेच्या पटांगणात सगळे जमले. आमच्या आळीचा पुढारी ज्योतीराम. दुसऱ्या कारखान्यात कामाला होता, पण बोलणं खणखणीत. साहेबांनी विहीर बघितली, गॅसचा खड्डा बघितला, दोन्हीतलं अंतर पावलांनी मोजायला लावलं. मग पटांगणात येऊन शांतपणे म्हणाले, "इतक्या जवळ शेणाचा खड्डा. तो झिरपणारच. यात कंपनीचा काय संबंध?"

ती गोष्ट लोकांना पटायला सोपी होती.

कस्तुरा उभी राहिली. एका हातात झगा, एका हातात विजार. "ह्यो डाग बगा," ती म्हणाली, "आन् ह्यो डाग बगा. ही माज्या मालकाची कामावरची विजार हाय. शेणाचा डाग असा नसतो. शेणाचा डाग मला शिकवू नका."

साहेब हसले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी मागच्या रांगेत बसलेल्या जयसिंगरावांकडे पाहिलं. "ओव्हाळ, तुम्ही प्लेटिंगला आहात ना? सांगा बरं, आपलं पाणी कुठं जातं?"

जयसिंगराव उभे राहिले. "टाकीत जातं साहेब. तिथं साफ होतं."

"मग बाई म्हणतात ते काय?"

"तिला काय कळतंय साहेब," ते म्हणाले. "अडाणी आहे."

कस्तुराचे हात खाली आले. तेवढ्यात ज्योतीराम बोलला, "शेण आणि विहीर एका जागी, आम्ही आधीपासून म्हणत होतो. भिडेपोटी बोललो नाही. आमची लेकरंबाळं प्याली यांच्या..." तो थांबला. पण थांबून उपयोग नव्हता. मागून माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "मी पहिल्यापासून सांगतेय, यांचं पाणी घेऊ नका म्हणून." आणि बायका माना हलवायला लागल्या.

मी बोलले. पाइप मी पाहिला आहे, असं उभी राहून सांगितलं. माझ्या नवऱ्यानं दंड धरून मला खाली बसवलं आणि साहेब पुढं बोलत राहिले. कंपनी माणुसकी म्हणून आळीच्या तोंडाशी नळ देईल. खड्डा मात्र बुजवावा लागेल. टाळ्या वाजल्या.

खड्डा बुजवायला आळीतले पुरुष उत्साहानं आले. वर्षानुवर्षं त्या विहिरीचं पाणी प्यालेले लोक, दगड आणून आणून टाकत होते. लोखंडी टाकी भंगारवाल्यानं हातगाडीवर नेली. जयसिंगराव कामावर होते. कस्तुरा ओट्यावर बसून होती. तिनं कुणाला अडवलं नाही. विहिरीवरही फरशी टाकून ती बंद केली.

नळ आला. पहिल्या दिवशी कस्तुरा रांगेत उभी राहिली तेव्हा तिच्या पुढच्या बाईनं आपली घागर उचलून लांब ठेवली. गावच्या विहिरीची गोष्ट ती आता मला सांगत नसे. मी माझी घागर तिच्या घागरीला लावून ठेवायची, पण माझ्या एकटीच्या घागरीनं काय होतं? पाइप पुढंही चालू राहिला. जयसिंगराव सहा महिन्यांत लीडमन, म्हणजे विभागाचे मुकादम, झाले.

घरात परत भुशाची शेगडी आली, आणि महिन्याभरात शशीचा दम परत आला. ती तेव्हा तेरा वर्षांची. कस्तुरानं तिला मावळात आईकडे नेऊन सोडलं. तिथं स्वयंपाक उघड्यावर, हवा मोकळी. पोरगी बरी झाली. दोन्ही म्हशी विकून कस्तुरा एका शेडमध्ये कामाला लागली, सुट्या भागांच्या कडा घासायला. सिलेंडरसाठी तिनं स्वतःच्या नावानं नंबर लावला. नवऱ्याशी ती बोलायची, जेवायला वाढायची, त्यांच्या विजारीही धुवायची. पण त्यांनी बांधलेल्या घरातली एकेक गोष्ट तिनं मोडली. न्हाणीचा चर बुजवला. केळी तोडल्या, तशाही त्यांची पानं पिवळी पडली होती. पन्हाळ काढून टाकली. जयसिंगराव बघत बसायचे.

एक्याऐंशी साली तिचा सिलेंडर आला. पुन्हा निळी ज्योत. ती त्याच दिवशी शशीला आणायला गेली आणि एकटीच परत आली.

"न्हाई आली," ती म्हणाली. "म्हनली, आये, हितं मला दम लागत न्हाई. मला नगं न्यू." मग जरा थांबून म्हणाली, "पाटलाच्या गोठ्यावर जाती. आजी थकली, घरात कुनी तरी मिळवाया पायजे. मजुरी रोख देत्यात म्हनं आता."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढून घेतला आणि शेगडी बंद केली.

त्याच सुमाराला जयसिंगरावांच्या नाकातून रक्त यायला लागलं. हातांवर गोल भोकं पडल्यासारख्या जखमा त्यांना आधीपासून होत्या. आता दोन नाकपुड्यांमधला पडदाच झिजून आरपार भोक पडलं. डॉक्टरांनी विचारलं, कशाचं काम करता? कंपनीनं त्यांना प्लेटिंगवरून काढून गेटवर बसवलं, आणि काही दिवसांनी घरीच बसवलं. म्हणे जुना आजार आहे, कामाचा संबंध नाही. कामगार कार्यालयात दाद मागायची तर प्लेटिंगच्या पाण्यात, वाफेत किती वर्षं काढली हे सांगणारं कुणी तरी हवं होतं. आळीत ते दारोदार गेले. ज्योतीराम म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलंत ना, पाणी साफ होतं म्हणून?"

कस्तुरा गेली त्यांच्याबरोबर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. मीही सोबत गेले. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. पाइप कधी आला, चावी कोण सोडायचं, विजारीचे डाग, कामावरच्या टाकीची वाफ, घरी आल्यावर लागणारा खोकला. अधिकारी लिहून घेत होता. मग मान वर करून म्हणाला, "बाई, इतकं माहीत होतं तर तेव्हाच का नाही बोललात?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जयसिंगराव जमिनीकडे बघत होते; रुमाल नाकाशी होता. तिला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. ती म्हणाली, "बोलले व्हते. ऐकू गेलं न्हाई कुनाला."

काही मिळालं नाही. निकाल लागायच्या आतच कंपनीनं प्लेटिंगचा विभाग बंद केला आणि ते काम चाकण रस्त्याला, एका लहान शेडमध्ये कंत्राटावर दिलं. आमच्या नाल्यातलं पाणी त्यानंतर हळूहळू निवळलं. विहिरीवरची फरशी कुणी उचलून पाहिली नाही.

दिवाळीच्या आधी ज्योतीरामचा धाकटा भाऊ खंडू पेढे घेऊन आळीत फिरला. बायको-पोरांचा माणूस, दोन वर्षं बेकार होता. त्याला चाकणच्या त्या शेडमध्ये काम लागलं होतं. तो ओव्हाळांच्या दारातही आला. मी तिथंच होते. कस्तुरा कामावर निघायच्या घाईत, चपला घालत होती.

"वहिनी, प्लेटिंगला घेतलंय. आपल्या जयसिंगभाऊंचाच विभाग," खंडू म्हणाला आणि जयसिंगरावांच्या पाया पडला. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि चघळत बसले. आपल्याला आता कशाची चव लागत नाही, हे त्यांनी खंडूला सांगितलं नाही. दुसरंही काही सांगितलं नाही.

कस्तुरानं पेढा हातात धरला होता. "खंडू," तिनं विचारलं, "तिकडं शेडच्या आसपास हिरी हायेत का रं?"

"हायेत की," तो आनंदानं म्हणाला. "सगळी शेतंच हायेत भोवती."